विलोबी डेटन मिलर

विलोबी डेटन मिलर (जन्म : १ ऑगस्ट १८५३, अलेक्झांड्रिया, ओहायो, मृत्यू : २७ जुलै १९०७, न्यूअर्क, ओहायो) हे अमेरिकन दंतवैद्य आणि मुखातील सूक्ष्मजंतूंच्या अभ्यासाचा पाया घालणारे संशोधक होते. त्यांच्या कारकिर्दीचा बहुतेक काळ जर्मनीतील बर्लिन येथे गेला. तोंडातील जंतू पिष्टमय व साखरयुक्त अन्नकणांपासून आम्ल तयार करतात आणि त्या आम्लामुळे दात किडू लागतो, हे त्यांनी प्रयोगाने सिद्ध केले. किडलेल्या दाताच्या पल्पमध्ये, म्हणजे रक्तवाहिन्या व चेतातंतू असलेल्या आतील मऊ गाभ्यामध्ये, कोणते जंतू शिरतात याचा पहिला पद्धतशीर अभ्यासही त्यांचाच आहे. दाह झालेला पल्प झाकून वाचवता येतो काय, आणि त्यासाठी कोणते द्रव्य वापरावे, या आजही चालू असलेल्या चर्चेचे मूळ त्यांच्या या कामात सापडते.

जन्म व शिक्षण

मिलर यांचे बालपण ओहायो राज्यातील ग्रामीण भागात गेले. शालेय शिक्षण जवळच्या न्यूअर्क या गावी झाले. (न्यू जर्सीतील त्याच नावाचे मोठे शहर वेगळे.) पुढे त्यांनी मिशिगन विद्यापीठात प्रवेश घेतला आणि १८७५ मध्ये तेथून पदवी मिळवली. गणित व भौतिकशास्त्र हे त्यांचे आवडीचे विषय होते. दंतवैद्यकाचा विचार तोवर त्यांच्या मनातही नव्हता. उच्च शिक्षणासाठी ते स्कॉटलंडमधील एडिंबरो येथे गेले व तेथून बर्लिनला आले.

बर्लिनमध्ये पैशांची ओढाताण सुरू असताना त्यांची गाठ फ्रँक अ‍ॅबट यांच्याशी पडली. अ‍ॅबट हे बर्लिनमध्ये व्यवसाय करणारे अमेरिकन दंतवैद्य होते. अमेरिकन दंतवैद्यांच्या हातकौशल्याला त्या काळी युरोपातील राजधान्यांत मोठा मान होता आणि अ‍ॅबट यांचा दवाखाना उत्तम चालत असे. या ओळखीने मिलर यांच्या आयुष्याची दिशा बदलली. भौतिकशास्त्र मागे पडले. ते अमेरिकेला परतले, फिलाडेल्फियात दंतवैद्यकाचे शिक्षण घेऊन १८७९ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या दंतविभागातून पदवीधर झाले आणि पुन्हा बर्लिनला आले. अ‍ॅबट यांच्या कन्येशी त्यांचा विवाह झाला.

बर्लिनमधील कार्य

मिलर बर्लिनला परतले तो काळ जंतुशास्त्राच्या दृष्टीने भाग्याचा होता. १८८० मध्ये रॉबर्ट कॉख बर्लिनच्या शाही आरोग्य कार्यालयात रुजू झाले. घट्ट माध्यमावर जंतूंची शुद्ध वसाहत वाढवण्याची त्यांची पद्धत १८८१ मध्ये जगासमोर आली आणि १८८२ मध्ये त्यांनी क्षयरोगाच्या जंतूचा शोध जाहीर केला. त्याआधी एका द्रवात अनेक जंतू एकत्र वाढत आणि त्यांतील कोणता जंतू काय करतो हे ठरवणे जवळजवळ अशक्य असे. मिलर यांनी ही नवी पद्धत कॉख यांच्या प्रयोगशाळेत आत्मसात केली आणि ती तोंडाकडे वळवली. भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला लागलेली मोजमापाची व नियंत्रित प्रयोगाची सवय त्यांना येथे उपयोगी पडली असे म्हणावे लागेल. त्या काळातील बहुतेक दंतवैद्यांपाशी हे भांडवल नव्हते.

१८८४ मध्ये बर्लिन विद्यापीठात दंतवैद्यकाची संस्था सुरू झाली आणि मिलर यांची तेथे अध्यापक म्हणून नेमणूक झाली. परदेशी नागरिकाला प्रशियाच्या विद्यापीठात असे पद मिळणे ही साधी गोष्ट नव्हती आणि स्थानिक व्यावसायिकांत त्यावरून कुरबुरही झाली. मिलर यांनी जर्मन भाषेवर प्रभुत्व मिळवले होते. ते त्याच भाषेत शिकवत व लिहीत. १८८७ मध्ये त्यांनी बर्लिन विद्यापीठाची वैद्यकीय पदवीही घेतली. दात भरण्याच्या व वाचवण्याच्या शास्त्रावरील त्यांचे जर्मन पाठ्यपुस्तक १८९६ मध्ये प्रसिद्ध झाले. संशोधन, अध्यापन व खासगी व्यवसाय ही तिन्ही कामे ते एकाच वेळी करीत. फुरसतीचा वेळ गोल्फसाठी होता. बर्लिनमध्ये हा खेळ रुजवणाऱ्यांत त्यांचे नाव घेतले जाते.

दंतक्षयाचा सिद्धांत

दातात किडा शिरतो व तो दात पोखरतो ही समजूत फार जुनी आहे. मेसोपोटेमियातील मृत्पट्टिकांवर ती आढळते आणि मराठीतील दाताला कीड लागणे या शब्दप्रयोगात ती आजही टिकून आहे. अठराव्या शतकात फ्रेंच दंतवैद्य प्येर फोशार यांनी किड्याची कल्पना नाकारली. एकोणिसाव्या शतकात दात आम्लाने विरघळतो असे मत इंग्लंड व फ्रान्समधील अभ्यासकांनी मांडले. १८८१ मध्ये लंडनच्या आंतरराष्ट्रीय वैद्यकीय परिषदेत अंडरवुड व माइल्स या दोघांनी किडलेल्या दंतिनात, म्हणजे दाताच्या बाह्य कठीण आवरणाखालील थरात, जंतू दाखवले. एका मताप्रमाणे आम्ल कारण होते, तर दुसऱ्या मताप्रमाणे जंतू. हे दोन धागे एकत्र विणण्याचे काम मिलर यांनी केले.

त्यांचा मूळ प्रयोग साधा आहे. काढलेले दात लाळ व पाव यांच्या मिश्रणात ठेवून ते मिश्रण शरीराच्या तापमानावर राखले असता काही काळाने दाताचे क्षार विरघळू लागले. पावाऐवजी मांस किंवा चरबी ठेवली असता तसे झाले नाही. लाळ आधी उकळून घेतली तर पाव असूनही आम्ल तयार झाले नाही. म्हणजे आम्लासाठी पिष्ट किंवा साखर हवी आणि ती आंबवणारे जिवंत जंतूही हवेत. यावरून मिलर यांनी दंतक्षयाचे दोन टप्पे मांडले : आधी आम्लाने कठीण भागातील क्षार निघून जातात आणि नंतर उरलेला मऊ सेंद्रिय सांगाडा जंतू पचवून टाकतात. हे विवेचन दंतवैद्यकात रासायनिक-परजीवी सिद्धांत या नावाने ओळखले जाते. त्यांचा मुखातील सूक्ष्मजंतूंवरील ग्रंथ १८८९ मध्ये लाइपझिग येथे जर्मनमध्ये आणि १८९० मध्ये फिलाडेल्फिया येथे इंग्रजीत प्रसिद्ध झाला. अर्धशतकाहून अधिक काळ तो या विषयाचा आधारग्रंथ होता.

सिद्धांतात उणिवाही होत्या. दात किडण्यास कोणताही एकच जंतू जबाबदार नाही, आम्ल करणारे सारेच जंतू त्यात भाग घेतात, असे मिलर मानत. १९२४ मध्ये जे. किलियन क्लार्क यांनी लंडनमध्ये स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्स हा जंतू वेगळा केल्यावर या मताला मुरड घालावी लागली. दुसरी उणीव अधिक मोठी होती. सर्व तोंडात लाळ व जंतू असताना कीड दाताच्या ठराविक जागीच का लागते, याचे समाधानकारक उत्तर मिलर यांच्यापाशी नव्हते. दातावर चिकटून बसणाऱ्या जंतूंच्या चिकट थराचे महत्त्व १८९७–९८ च्या सुमारास जे. लिऑन विल्यम्स व जी. व्ही. ब्लॅक यांनी दाखवून दिले. मिलर यांनी हा थर पाहिला, त्यावर लिहिले, पण दंतक्षयासाठी तो आवश्यक आहे हे त्यांनी शेवटपर्यंत मनापासून स्वीकारले नाही. पुढील संशोधनाने या बाबतीत विल्यम्स व ब्लॅक यांचीच बाजू खरी ठरवली.

हत्तीच्या सुळ्यांतील गोळ्या

मिलर यांच्या लेखनातील एक विषय सामान्य वाचकाला अनपेक्षित वाटेल. १८९० नंतर त्यांनी हत्तीच्या सुळ्यांची रचना व विकार यांवर लेखमाला लिहिली. हस्तिदंत कापताना कारागिरांना कधीकधी आतमध्ये बंदुकीची गोळी सापडे. बाहेरून मात्र सुळा धड दिसे. शिकाऱ्याची गोळी सुळ्याच्या मुळाकडील पातळ भिंतीतून थेट पल्पच्या पोकळीत शिरते, हत्ती वाचतो, आणि पुढील वर्षांत पल्प त्या गोळीभोवती अनियमित घडणीचे नवे दंतिन रचून तिला कायमचे बंदिस्त करतो. सुळा आयुष्यभर वाढत असल्याने ही बंदिस्त गोळी हळूहळू टोकाकडे सरकत जाते.

ही केवळ गंमत नव्हती. त्या काळच्या दंतवैद्यांत असा समज दृढ होता की, पल्प एकदा उघडा पडला की तो मेलाच. म्हणून त्यावर आर्सेनिक ठेवून तो आपणच मारावा आणि मग दात भरावा. आर्सेनिकची ही रीत १८३६ मध्ये स्पूनर यांनी प्रसिद्ध केली होती आणि ती जगभर पसरली होती. हत्तीचा पल्प मात्र शिशाच्या गोळीने जखमी होऊनही जिवंत राहत होता आणि स्वतःची भिंत स्वतः बांधत होता. माणसाच्या दाढेत हाच ऊतक असताना तो इतक्या सहज का मरतो, हा प्रश्न त्यातून आपोआप उभा राहत होता. हत्तीच्या रुंद, रक्ताने भरलेल्या पल्पची माणसाच्या प्रौढ दाढेतील अरुंद पोकळीशी सरळ तुलना करता येत नाही, हे खरे. तरीही उत्तराचा एक भाग जंतूंत दडलेला होता.

पल्पचा अभ्यास

१८९४ मध्ये मिलर यांनी पल्पच्या जंतुविकृतीवरील आपला लेख प्रसिद्ध केला. रोगग्रस्त पल्पमधून घेतलेले नमुने त्यांनी काचपट्टीवर रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आणि त्याच नमुन्यांतून जंतू वाढवण्याचाही प्रयत्न केला. गोलाकार, दंडाकार व नागमोडी अशा तिन्ही प्रकारचे जंतू त्यांना दिसले. दाताच्या वरच्या पोकळीत, मुळाच्या मध्यभागी आणि मुळाच्या टोकाशी आढळणारे जंतू सारखे नव्हते, ही गोष्टही त्यांनी नोंदवली. सर्वांत दूरदृष्टीची नोंद वेगळीच होती : सूक्ष्मदर्शकाखाली स्पष्ट दिसणारे काही जंतू प्रयोगशाळेत वाढतच नव्हते. प्राणवायूशिवाय जगणाऱ्या जंतूंना वाढवण्याची नीट तंत्रे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हाती आली, तेव्हा मिलर यांना काय दिसले होते ते उलगडले.

याच सुमारास त्यांनी जंतुनाशकांवर प्रयोग केले. वेगवेगळी जंतुनाशके क्षार गेलेल्या, मऊ पडलेल्या दंतिनात किती वेगाने शिरतात याची त्यांनी तुलना केली. दात भरण्याच्या द्रव्यांत जंतू मारण्याचा गुण कितपत आहे हेही त्यांनी तपासले आणि तांब्याच्या अमाल्गममध्ये तो ठळकपणे आढळतो असे दाखवले. एकच अट ठेवून अनेक द्रव्ये शेजारी शेजारी पारखण्याची ही रीत तेव्हाच्या दंतवैद्यकात दुर्मीळ होती. तोवर एखादे द्रव्य चांगले की वाईट हे वापरणाऱ्याच्या नावलौकिकावर ठरत असे. मात्र जंतू मारण्याइतके तीव्र रसायन खालच्या जिवंत ऊतकालाही जाळते. आयोडोफॉर्म, क्रिओसोट यांसारखी त्या काळातील औषधे पल्पवर ठेवून मिळणारे यश म्हणूनच बेभरवशाचे राहिले.

मुख हे संसर्गाचे केंद्र

१८९१ मध्ये मिलर यांनी मुख हे साऱ्या शरीराच्या संसर्गाचे केंद्र ठरू शकते असे प्रतिपादन केले. दातांच्या मुळाशी साठलेले जंतू रक्तावाटे किंवा श्वासावाटे दूरच्या अवयवांत पोहोचू शकतात, हा त्यांचा मुद्दा होता. त्यावर उपाय म्हणून त्यांनी सरसकट दात उपटण्याची शिफारस केली नव्हती. मृत पल्प काढून मुळाची नळी स्वच्छ करावी व भरावी, असा त्यांचा सल्ला होता.

पुढे या विचाराचे जे झाले त्याची कल्पना त्यांना नसावी. १९१० मध्ये इंग्रज वैद्य विल्यम हंटर यांनी माँट्रियल येथील भाषणात जंतुदूषित दातांवर बसवलेल्या सोन्याच्या टोप्या व पूल यांवर कडाडून टीका केली. त्यानंतर शिकागोचे फ्रँक बिलिंग्ज आदींनी केंद्र-संसर्गाची कल्पना संधिवातापासून हृदयरोगापर्यंत नेली. परिणामी अमेरिकेत व इंग्लंडमध्ये दोन-तीन दशके निरोगी व वाचवण्याजोगे दातही सर्रास काढले गेले. पल्प वाचवण्याचे प्रयत्न या काळात मागे पडले, कारण रोगट पल्प असलेला दात तोंडात ठेवणे हाच निष्काळजीपणा मानला जाऊ लागला. मिलर यांच्या नावाचा आधार या लाटेला मिळाला, हा त्यांच्या वारशातील दुर्दैवी भाग आहे. ती लाट उसळली तेव्हा त्यांच्या निधनाला तीन वर्षे होऊन गेली होती.

अखेरची वर्षे

१९०४ मध्ये मिलर आंतरराष्ट्रीय दंतवैद्यक महासंघाचे अध्यक्ष झाले. आयुष्याच्या अखेरच्या काळात ते दात घासल्याने व आम्लाने होणारी झीज तपासत होते. दात घासण्याची पूड व ब्रश यांमुळे दाताच्या मानेशी खाचा पडतात हे त्यांनी प्रयोगाने दाखवले. १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेले हे काम त्या विषयावरील पहिल्या मोजक्या प्रयोगांत गणले जाते.

मिशिगन विद्यापीठाने त्यांना आपल्या दंतवैद्यक महाविद्यालयाचे अधिष्ठातापद देऊ केले आणि ते त्यांनी स्वीकारले. सुमारे तीन दशकांनंतर ते कायमचे मायदेशी परतले. नव्या पदाची सूत्रे हाती घेण्यापूर्वी ते न्यूअर्क येथे आप्तांकडे आले असता त्यांना अपेंडिक्सचा तीव्र त्रास सुरू झाला. शस्त्रक्रिया करण्यात आली, परंतु २७ जुलै १९०७ रोजी त्यांचे निधन झाले. चोपन्नावा वाढदिवस पाच दिवसांवर होता. शरीरातील एका लहानशा पोकळीत जंतू कोंडले की काय होते, यावर ज्याने आयुष्य वेचले, त्याचा अंतही तशाच एका विकाराने व्हावा, हा योगायोग त्यांच्या चरित्रात टाळता येत नाही.

मिलर यांच्यानंतर : पल्प झाकण्याच्या द्रव्यांची तुलना

उघड्या पडलेल्या पल्पवर झाकण ठेवण्याचा प्रकार, ज्याला दंतवैद्य पल्प कॅपिंग म्हणतात, मिलर यांच्याहून बराच जुना आहे. त्याचे पहिले छापील वर्णन प्रशियाचा राजा दुसरा फ्रेडरिक याचे दंतवैद्य फिलिप फाफ यांच्या १७५६ मधील बर्लिनच्या ग्रंथात मिळते. त्यांनी सोन्याचा पातळ पत्रा अंतर्वक्र वाकवून पल्पवर बसवला, जेणेकरून वरचे भरण पल्पला टेकू नये. सोने निष्क्रिय असते, जखमेला इजा करत नाही. पण ते जंतूंनाही अडवत नाही.

पुढचे मोठे पाऊल १९२० मध्ये जर्मन दंतवैद्य बेर्नहार्ड हेर्मान यांनी टाकले. त्यांनी कॅल्शियम हायड्रॉक्साइडचा लेप आणला. हा पदार्थ तीव्र अल्कधर्मी असतो. पल्पच्या पृष्ठभागाचा पातळ थर तो जाळतो, जंतू मारतो आणि खालील पेशींना नवे दंतिन रचण्यास चालना देतो. काही आठवड्यांत जखमेवर कठीण ऊतकाचा पूल तयार होतो. या पुलातील कॅल्शियम लेपातून येत नाही, ते रुग्णाच्याच रक्तातून येते. अनेक दशके हेच द्रव्य सर्वोत्तम मानले गेले. लवंगाच्या तेलातील युजेनॉल व झिंक ऑक्साइड यांचे मिश्रण वेदना शमवते आणि कडा चांगल्या बंद करते, पण त्याखाली पूल क्वचितच तयार होतो.

मिलर यांनी मांडलेल्या जंतूंच्या प्रश्नाचे निर्णायक उत्तर १९६५ मध्ये मिळाले. काकेहाशी, स्टॅन्ली व फिट्झजेराल्ड यांनी जंतुविरहित वातावरणात वाढवलेल्या आणि सामान्य अशा दोन्ही प्रकारच्या उंदरांच्या दाढा छिद्र पाडून उघड्याच ठेवल्या. त्यांत अन्न अडकत होते, कोणतेही औषध नव्हते. सामान्य उंदरांचे पल्प सडून मेले. जंतुविरहित उंदरांच्या दाढांत मात्र पल्प जिवंत राहिला आणि छिद्राखाली दंतिनाचा पूल बांधला गेला. १९८७ मध्ये कॉक्स व सहकाऱ्यांनी माकडांच्या दातांवर हाच मुद्दा उलट बाजूने दाखवला : पल्पला घातक समजले जाणारे सिमेंट थेट पल्पवर ठेवूनही, वरची कड जंतूंना शिरकाव मिळणार नाही अशी बंद केली तर जखम भरून येते.

या निष्कर्षांनी द्रव्यांची तुलना वेगळ्या पायावर आली. कॅल्शियम हायड्रॉक्साइड पूल बांधायला लावते, पण कालांतराने स्वतः विरघळते. बांधलेल्या पुलातही सूक्ष्म बोगदे राहतात आणि वरचे भरण गळू लागले की त्यांतून जंतू आत उतरतात. या उणिवेवर १९९० च्या दशकात कॅलिफोर्नियातील लोमा लिंडा विद्यापीठात महमूद तोराबीनेजाद यांनी विकसित केलेले एम.टी.ए. हे द्रव्य पर्याय म्हणून पुढे आले. बांधकामातील पोर्टलंड सिमेंटशी त्याचे जवळचे नाते असून क्ष-किरण चित्रात दिसावे म्हणून त्यात बिस्मथ ऑक्साइड मिसळतात. ओलाव्यात ते घट्ट होते, घट्ट होताना कॅल्शियम हायड्रॉक्साइडच सोडते, पण स्वतः विरघळून जात नाही. त्याचे तोटे व्यावहारिक आहेत : ते घट्ट होण्यास पावणेतीन तासांच्या आसपास वेळ लागतो, किंमत जास्त आहे आणि बिस्मथमुळे दात काळपट पडतो. पुढच्या दातांत हा रंग खुपतो. दाढेत त्याची फारशी अडचण नसते. त्यानंतर आलेले बायोडेंटिन हे ट्रायकॅल्शियम सिलिकेटचे द्रव्य सुमारे बारा मिनिटांत घट्ट होते आणि त्यात बिस्मथऐवजी झिर्कोनियम ऑक्साइड असते.

प्रौढांच्या दाढा ही या तुलनेतील सर्वांत कठीण कसोटी आहे. वयाबरोबर पल्पची पोकळी आक्रसते, मुळाचे टोक अरुंद होते आणि रक्तपुरवठा मुलांच्या दातांइतका मुबलक राहत नाही. शिवाय कीड खोल गेलेल्या दाढेत जंतू आधीच पल्पपर्यंत पोहोचलेले असतात. अमेरिकेत अनेक खासगी दवाखान्यांतून झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, चोवीस महिन्यांत कॅल्शियम हायड्रॉक्साइडने झाकलेल्यांपैकी ३१.५ टक्के व एम.टी.ए.ने झाकलेल्यांपैकी १९.७ टक्के दातांत उपचार अयशस्वी ठरण्याची शक्यता आढळली. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या चाचणीत प्रौढांच्या किडीने उघड्या पडलेल्या दाढाच निवडल्या होत्या. तेथे तीन वर्षांनंतर एम.टी.ए.खालील ८५ टक्के, तर कॅल्शियम हायड्रॉक्साइडखालील केवळ ५२ टक्के पल्प जिवंत होते. एम.टी.ए. आणि बायोडेंटिन यांच्यात मात्र तुलनात्मक चाचण्यांत ठळक फरक आढळत नाही; निवड बहुधा वेळ, किंमत व रंग यांवर होते.

द्रव्याइतकेच महत्त्व त्याआधीच्या कृतीला आहे. रबराच्या पडद्याने दात लाळेपासून वेगळा ठेवणे, जखम सोडियम हायपोक्लोराइटने धुणे आणि रक्तस्राव काही मिनिटांत थांबतो का हे पाहणे, यांवर बरेच काही ठरते. रक्त थांबत नसेल तर दाह खोलवर गेला आहे असे समजून पल्पचा वरचा भाग, किंवा पोकळीतील सगळा पल्प मुळांच्या तोंडापर्यंत, काढला जातो आणि उरलेल्या निरोगी भागावर झाकण ठेवले जाते. रात्री ठणकणाऱ्या, गरम पदार्थाने दीर्घकाळ दुखणाऱ्या दाढेला पूर्वी रूट कॅनॉलखेरीज उपाय नाही असे मानत. युरोपीय एंडोडोंटोलॉजी सोसायटीने २०१९ च्या आपल्या भूमिकेत अशा काही प्रौढ दाढांसाठीही हा मार्ग विचारात घेण्यास मान्यता दिली. दाह नेमका कुठवर गेला आहे हे बाहेरून मोजण्याचे खात्रीचे साधन मात्र दवाखान्यात अद्याप उपलब्ध नाही. वेदनेचे वर्णन, थंडाची चाचणी आणि उघड्या पल्पमधून येणारे रक्त यांवरूनच अंदाज बांधावा लागतो.

सन्मान

मिलर यांच्या स्मरणार्थ आंतरराष्ट्रीय दंतवैद्यक महासंघाने त्यांच्या नावाचे पारितोषिक सुरू केले. पहिले मिलर पारितोषिक १९१० मध्ये जी. व्ही. ब्लॅक यांना मिळाले. दातावरील चिकट थराच्या वादात हेच ब्लॅक मिलर यांच्या विरुद्ध बाजूला होते.